दीनाबाईंचं लिंबू

आमच्या चर्चच्या भिंतीवर गेल्या नाताळात एक संगमरवरी पाटी बसवली. पाटीवर दीनाबाई साळवे हे नाव आहे आणि त्याखाली, मिशनने मुळशीच्या दुर्गम भागात सेवेसाठी पाठवलेल्या विश्वासू दासीच्या स्मरणार्थ, असं कोरलंय. पडदा बाजूला झाला, प्रार्थना झाली, मग चहा आणि करंज्या. मी करंजीला हात न लावता घरी आले. सुनेनं विचारलं, "काय झालं, आई? चेहरा असा का?" मी म्हटलं, "एका बाईला जिवंतपणी हाकललं आणि मेल्यावर भिंतीत चिणलं, ते बघून आले."

मिशनने पाठवलं, हे खरंच आहे. परत बोलावलं आणि आल्या नाहीत म्हणून नाव कापलं, हेही तितकंच खरं आहे. पाटीवर तेवढी जागा उरली नसेल.

मी परिचारिकेचं शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागले होते आणि दीनाबाईंच्या हाताखाली माझी नेमणूक झाली होती. तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास होत्या. कुणी त्यांना संत वगैरे समजत असेल तर तो समज आधीच काढून टाकते. बाई महा सुखासीन. वाढल्या मिशन कंपाउंडातल्या अनाथालयात, शिक्षण तिथलं, नोकरी तिथल्याच इस्पितळातली. नळाला चोवीस तास पाणी, सकाळी बेकरीचा गरम पाव, खळ घातलेली पांढरी साडी आणि रविवारी खिडकीजवळचा ठरलेला बाक. त्या बाकावर चुकून दुसरं कुणी बसलं तर त्या उठवायच्या नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. माणूस आपणच उठायचा.

अशा बाईला मुळशीच्या धरणावर धाडलं ते एका उपदेशानं. आमचे शिरसाठ पाळक बोलायला फार गोड. एका रविवारी त्यांनी वादळातल्या त्या शिष्याची गोष्ट घेतली, जो प्रभूच्या हाकेसरशी होडीतून उतरून पाण्यावर चालू लागला. पाळक म्हणाले, आपण सगळे होडीत बसून आहोत, होडी ऊबदार आहे, पण विश्वास वाढतो तो होडीबाहेर पाय टाकल्यावर. मग त्यांनी विचारलं, मुळशीच्या काठावर दवाखाना उघडतोय, कोण जाईल? सगळ्यांनी माना खाली घातल्या. दीनाबाईंनी नंतर मला सांगितलं, "मीसुद्धा घातली होती गं. पण मान खाली घातल्यावर मला माझ्या साडीची इस्त्री दिसली आणि लाज वाटली. म्हणून उठले."

त्यांच्या हाताखालची म्हणून मीही बरोबर गेले. दवाखाना धरणाच्या अलीकडच्या काठावर होता, एस.टी.च्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, औषधांचं कपाट, एक पेट्रोमॅक्स आणि प्रार्थनेची घंटा. अलीकडच्या लोकांना आमची तशी गरज नव्हती, त्यांना पौडचा सरकारी दवाखाना जवळ होता. गरज होती ती पलीकडच्या वाड्यांना. तिकडे जायला रामा कोळ्याची होडी. आणि दीनाबाईंना जगात कशाची भीती वाटत असेल तर ती पाण्याची.

त्यांच्या कमरेला नेहमी एक लिंबू खोचलेलं असायचं. होडीत पाय ठेवला की एका हातात लिंबू, दुसऱ्या हातानं होडीची कड गच्च धरलेली आणि डोळे मिटलेले. लिंबाचा वास घेत भजनाची एकच ओळ म्हणत राहायच्या. पुढची ओळ त्या काठाला लागल्यावरच म्हणायच्या. रामा चेष्टा करायचा, "बाय, डोळं उगडा की. पानी लई ग्वाड दिसतंय आज." त्या डोळे मिटूनच उत्तर द्यायच्या, "तू वल्हव. देवानं डोंगर केले ते छान केलं. हे पाणी थोडं कमी केलं असतं तरी चाललं असतं."

देवाशी त्यांचं बोलणं असं होतं. गुडघे टेकून हळू आवाजात प्रार्थना वगैरे रविवारी. एरवी वाणसामान देणाऱ्याशी बोलावं तशा बोलायच्या. "बघतोयस ना? मग नुसता बघत बसू नकोस." पाणी उकळत ठेवायचं आणि देवाला बोलायचं, ही त्यांची दोन कामं एकदमच चालायची. पाणी न उकळता कुणी कात्रीला हात लावला तर मात्र त्या देवालाही थांबवून आधी त्या माणसाकडे वळायच्या.

पलीकडे पहिल्यांदा त्यांना कुणी उंबऱ्यापाशीही उभं केलं नाही. बाटवायला आलेली बाई म्हणून पोरं लपायची. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, वाडीत तिचा शब्द चालायचा. तिच्या पायाला कोयता लागून जखम चिघळली होती. दीनाबाई रोज डोळे मिटून पलीकडे जायच्या, ती जखम धुवायच्या आणि डोळे मिटून परत यायच्या. म्हातारी एक शब्द बोलायची नाही. जखम भरली त्या दिवशी तिनं रामाला बोलावलं. रामा होडीचे पैसे घेत नसे. सुगीला प्रत्येक घर माणसं बघून त्याला भाताचा वाटा द्यायचं. ज्याचं घर नाही त्याचा वाटा नाही, आणि आमच्या मिशनचं पलीकडे घर कुठलं? रामा दीनाबाईंना नुसता उपकार म्हणून नेत होता. कोंडाबाई त्याला म्हणाली, "हिला आमच्या घरात धर. हिचं भात आमी घालू."

दीनाबाईंनी हे मला दोनदा सांगितलं. अनाथालयात वाढलेली बाई. कुणाच्या घरात धरली जाण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार मागे हटायचं. मग तळाशी बुडालेल्या वाड्यांची जोती उघडी पडायची. कोंडाबाई दर उन्हाळ्यात आपल्या जुन्या घराचं जोतं झाडायला जायची, दगडांवरचा चिखल काढायची आणि तिथंच बसून भाकरी खायची. त्या वर्षी दीनाबाई आणि मी तिच्याबरोबर गेलो होतो. सोबत तिची सून ठकू होती. ठकूची दोन बाळंतपणं भर पावसात झाली होती आणि दोन्ही पोरं हाती लागली नव्हती. पावसाळ्यात वारा सुटला की होडी बंद, पलीकडच्या वाड्या जगापासून तुटायच्या. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात बाळंत होणार होती.

"समदी म्हनली व्हती, पानी हितवर येत न्हाई," कोंडाबाई जोत्यावर हात फिरवत म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं भात बी पेरलं. दान्यात दूध भरत व्हतं तवा पानी आलं. तवापास्नं म्या कुनाच्या बोलन्यावर जात न्हाई." मग तिनं दीनाबाईंपुढे हात केला. "ह्या पावसात ठकूपाशी ऱ्हाशील? हातावर हात ठेव आन् तुज्या देवाची आन घे."

दीनाबाईंनी हातावर हात ठेवला, पण म्हणाल्या, "आमच्यात आण घेत नाहीत, कोंडाबाई. हो म्हटलं की हो. त्याच्यावर आणखी काही लागू नये, असं आम्हाला शिकवलंय."

"आन न्हाई, तर भरवसा कशाचा?"

दीनाबाईंनी हात काढला नाही. "माझ्या हो म्हणण्याचा. येईन मी. पाऊस संपेपर्यंत इथंच राहीन."

कोंडाबाईला ते पटलं नाही, पण ठकूनं दीनाबाईंचा हात घट्ट धरला आणि जोत्यावरून उठेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर आठवडाभरानं शिरसाठ पाळक आले. मिशनची नवी समिती झाली होती, कुठली केंद्रं ठेवायची आणि कुठली मिटवायची ते पाळक बघत होते. भर मे महिना. पाळक छत्री घेऊन धरणाच्या कोरड्या तळातून चालत निघाले, आम्ही मागे. मध्ये ओढ्याएवढं पाणी उरलं होतं, तेही त्यांनी दगडांवरून ओलांडलं. पलीकडे पोचून घाम पुसत म्हणाले, "अहो, हे तर चालत येण्यासारखं आहे. उगाच होडी होडी करता तुम्ही."

दीनाबाई म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्यात या. आत्ता आपण आलो त्या वाटेवर माणसाच्या डोक्यावरून कितीतरी हात पाणी असतं."

पाळकांनी नकळत वर बघितलं आणि हसले.

वाडीचे लोक गोळा झाले. पाहुणा मोठा म्हणून पाटलानं कौतुकानं विचारलं, "तुमच्यात मानूस किरिस्ताव करत्यात म्हंजी काय करत्यात?" पाळक खूश. त्यांनी डबक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हवेत शिंपडून दाखवलं आणि प्रभूचं नाव घेतलं. बायका दोन पावलं मागं सरकल्या. मला तेव्हा ते नुसतं हास्यास्पद वाटलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात चहा घेताना पाळकांनी सांगून टाकलं की पावसाआधी केंद्र बंद. लोक पौडला सहज जाऊ शकतात, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही दोघी पुण्याला या.

"माझं हो गेलंय तिकडे," दीनाबाई म्हणाल्या. "ठकूला शब्द दिलाय."

"तुमच्या भावना मी समजतो, दीनाताई. पण विश्वास ठेवा. देव तिच्यासाठी दुसरं कुणीतरी उभं करील."

"साहेब, तो होडीचा उपदेश तुम्हीच केला होता."

"तो आध्यात्मिक अर्थानं," पाळक म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मी चुलीपाशी होते. उकळतं पाणी हाताशी होतं, पण आम्ही ख्रिस्ती माणसं. पाळकांची गाडी गेल्यावर दीनाबाई पायरीवर येऊन बसल्या. मग वर बघून म्हणाल्या, "ऐकलंस? आध्यात्मिक अर्थानं."

पुढच्या आठवड्यात मिशनची गाडी आली. औषधांचं कपाट गेलं, पेट्रोमॅक्स गेला, घंटासुद्धा काढून नेली. माझीही बदली झाली होती, मी त्याच गाडीत बसणार होते. दीनाबाईंजवळ त्यांची स्वतःची कात्री, एक पातेलं आणि कपड्यांची पेटी उरली. पेटी त्यांनी थांब्यासमोरच्या चहावाल्याकडे ठेवली. मी म्हटलं, "बाई, आता कशाच्या जोरावर जाता? पगार बंद, औषध नाही." त्या सरळ रडायला लागल्या. "मला भीती वाटते गं, शालू. पावसाची वाटते, त्या पाण्याची तर फारच वाटते. आतापर्यंत मला वाटायचं, माझा देवावर विश्वास आहे. तो बहुतेक नळावर होता."

"मग नका जाऊ."

"हो म्हटलंय ना," त्या म्हणाल्या, आणि कमरेचं लिंबू चाचपलं.

पुढच्या रविवारी पाळकांनी चर्चमध्ये जाहीर केलं की आज्ञाभंगामुळे दीनाबाई साळवे यापुढे मिशनच्या सेवेत नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असंही म्हणाले. खिडकीजवळच्या बाकावर त्या दिवशी खजिनदारांच्या सासूबाई बसल्या होत्या. मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून त्या बाकाकडे बघत राहिले. सगळ्या चर्चमध्ये कुणी एवढंही म्हणालं नाही की थांबा, त्यांची बाजू ऐकू. ज्यांची बाळंतपणं दीनाबाईंनी केली होती त्यांची तोंडंसुद्धा मिटलेली होती.

पावसाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. भाद्रपद सरताना मुळशीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप आला की होडी सुरू झालीय आणि बाई अलीकडे येतायत. मी पाळकांना सांगितलं. त्यांनी मोठ्या मनानं कळवलं, की दीनाबाईंनी समितीपुढे माफी मागितली तर इस्पितळाच्या आवारातली नळाची खोली त्यांना मरेपर्यंत मिळेल. तो निरोप घेऊन मी पहिल्या गाडीनं गेले.

काठावर उभी राहिले तर होडी येत होती. होडीत एक बाई ताठ बसून पाण्याकडे बघत होती. मी तिच्यामागे दीनाबाई कुठे दिसतात का ते शोधत होते. होडी जवळ आली तेव्हा कळलं, त्याच दीनाबाई. साडीचा रंग ओळखू येत नव्हता, गालफडं बसली होती, आणि डोळे सताड उघडे होते.

उतरताना रामा खाली बघत म्हणाला, "बाय, कोंडाबाईनं सांगाया लावलंय. ह्या सुगीला तुमचा वाटा घरात धरू नगं म्हनली."

"बरं," दीनाबाई म्हणाल्या. रामा होडी घेऊन परत गेला.

चहावाल्याच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ठकूचं पोट आठवडाभर आधीच दुखायला लागलं. मूल आडवं. फार वेळ लागला. मुलगी झाली ती निळी, हूं की चूं नाही. दीनाबाईंनी तिला उलटं धरलं, पाठ चोळली, आणि शेवटी गार पाण्याचा हबका तिच्या तोंडावर मारून ओरडल्या, "प्रभू, हिला श्वास दे." पोरगी टाहो फोडून रडली. आणि दारात उभ्या असलेल्या बायकांना मे महिन्यात पाळकांनी शिंपडलेलं पाणी आठवलं.

"बाटवली म्हणाल्या," दीनाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, ती रडावी म्हणून पाणी मारलं. म्हटल्या, आन घे. मी म्हटलं, मी आण घेत नाही. मग काय, संपलंच."

बाहेर जायला होडी नव्हती. उरलेला पावसाळा त्यांना पडवीत काढावा लागला. भाकरी रोज मिळायची, पण लांबून सरकवलेली, पानावर. ज्या घरात त्या धरल्या गेल्या होत्या त्याच घरात.

"आणि ठकू?" मी विचारलं.

"ठकूनं मान वळवली," त्या म्हणाल्या. एवढं बोलून चहाची बशी खाली ठेवली. "माझा हात धरून ओरडत होती गं ती. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं, तू तरी सांग. तिनं भिंतीकडे तोंड केलं."

माझा तोल सुटला. "सगळ्यांनी फसवलं तुम्हाला. पाळकांनी, ह्या लोकांनी, आणि..." पुढचं नाव मी घेतलं नाही, पण त्यांनी ओळखलं.

"त्याचंही नाव घेतलं मी," दीनाबाई म्हणाल्या. "पडवीत बसून त्याला नको नको ते बोलले. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. पण येताना होडीत लक्षात आलं की मी डोळे मिटलेच नाहीत. मिटून घ्यावं असं काही आता उरलंच नव्हतं. तेव्हा तो शेजारी बसलेला असावा, असं मला वाटलं. नुसतं वाटलं हं. तुझ्या त्या पाळकांना सांगू नकोस, उपदेश करतील."

मी पाळकांचा निरोप सांगितला. मला वाटलं, भडकतील. त्या म्हणाल्या, "मागते माफी. दमलेय मी, शालू. त्या नळाखाली डोकं धरून बसायचंय." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. चहावाल्याकडून पेटी घेतली आणि आम्ही दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो.

गाडी आली, वळवून उभी राहिली, आणि काठावरून रामा पळत येताना दिसला. "दिनाबाय," तो धापा टाकत म्हणाला, "कोंडाबाईच्या जावंची सून अडलीया. पाय भाईर आलाय. ठकूनं धाडलंय मला, पोटाशी पोर घिऊन काठापत्तुर आली व्हती. पर घरात घेनार न्हाईत म्हनं. गोठ्यात सोय करत्यात."

मी म्हटलं, "सांग त्यांना, बाई गेल्या पुण्याला."

दीनाबाईंनी गाडीकडे बघितलं. मग वर बघून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुला आजचाच दिवस मिळाला होय?" आणि रामाला विचारलं, "पाणी उकळत ठेवलंय का?"

"ठेवलंय."

"माझा वाटा तर धरला नाही कुणी. मला नेणार कसा?"

"बसा वो तुमी," रामा म्हणाला.

"बाई, गोठ्यात," मी म्हटलं. "जनावराशेजारी. त्यांना तुम्ही घरात नको, फक्त तुमचे हात हवेत."

"गोठा चालेल," दीनाबाई म्हणाल्या. "आपल्यात गोठ्याला नाव ठेवत नाहीत." त्यांनी पेटी उघडून कात्री आणि पातेलं काढून घेतलं. "बाकीचं ने. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मग कमरेचं लिंबू काढून माझ्या हातात दिलं. "घाटवळणाला तुला मळमळतं ना, राहू दे."

त्या काठाकडे चालत गेल्या आणि होडीत बसल्या. दोन्ही हात मांडीवर, पातेल्यावर. मी हात वर केला होता. त्या वळून बघतील असं वाटत होतं, पण त्या पुढच्या पाण्याकडे बघत होत्या. मागून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. तिकडच्याच काठावर त्या पुढची वर्षं राहिल्या, तिकडच्यांनीच त्यांना मूठमाती दिली, एवढं पुढे कळलं. पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. पेटी पायाशी घेऊन मी खिडकीशी बसले. पुण्याच्या वाटेवरचं भुकूम मागे पडलं तरी लिंबू मुठीतच होतं. मला सगळ्यांचा राग आला होता, पाळकांचा, कोंडाबाईचा, ठकूचा, वरच्याचा. आणि सगळ्यांत जास्त दीनाबाईंचा, कारण त्या निघून गेल्या होत्या आणि मी पुन्हा त्याच चर्चला चालले होते.